साकवासाठी धरणं: ग्रामसभेपासून लेखी पत्रापर्यंत

आमच्या वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. त्याच दिवशी चिपळूण शहर पाण्याखाली होतं आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली होती. अशा वेळी एका वाडीच्या साकवाकडे कोण बघणार, आणि आमचीही तेव्हा तशी अपेक्षा नव्हती. आठवडाभराने पंचनामा झाला, आम्ही सह्या केल्या, फोटो काढले गेले. नवा साकव उभा राहिला तो डिसेंबर २०२५ मध्ये.

मधली पहिली दोन वर्षं आम्ही नुसती वाट पाहिली. पुढचा काळ अर्ज, अपील, निवेदनं आणि शेवटी धरणं यांत गेला. कुठे काय मागायचं, कोणता कागद जपायचा, कोणत्या टेबलापाशी किती थांबावं लागतं, हे आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्याकडे असंच काही अडलं असेल तर निदान पुढचं पाऊल कुठलं ते कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते. जिल्हा, तालुका, कार्यालय यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. वाडीतल्या माणसांची त्याच टेबलांवर अजून कामं आहेत.

आमचं गाव कोकणातलं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, एका अंगाला गावठाण. तिथे शाळा, रेशन दुकान, एसटीचा थांबा, आरोग्य उपकेंद्र. दुसऱ्या अंगाला आमची वाडी, चाळीसेक घरांची, त्यातली निम्मी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. साकव गेल्यावर पोफळीची खोडं टाकून आणि बांबूचा आधार बांधून माणसांनी तात्पुरती वाट केली. उन्हाळ्यात त्यावरून जाता यायचं. पावसात पाणी चढलं की वरच्या अंगाने सात किलोमीटरचा वळसा. मोठी माणसं तो घालायची. दुसरी-तिसरीतल्या मुलांना घरीच ठेवलं जायचं.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही डोंबिवलीहून सासरी आलो ते इथेच राहिलो. यजमान रिक्षा चालवतात, मी मुलांच्या शिकवण्या घेते. त्यामुळे कोणाची शाळा कधी बुडली ते मला रोज कळायचं. जून २०२३ पासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पाणी चढून वाट बंद झाली त्या तारखेला लाल पेनाने फुली मारायला सुरुवात केली. खाली बारीक अक्षरात किती मुलं घरी राहिली ते. त्या नोंदीला काही कायदेशीर किंमत आहे की नाही याचा विचार तेव्हा मनात नव्हता. पण पुढे प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी त्याच कॅलेंडरकडे लोकांचं लक्ष गेलं. तेव्हा पहिली सूचना हीच करेन: अडचण तारखेनिशी लिहून ठेवा, आणि ती ज्या दिवशी होते त्याच दिवशी लिहा.

शंभर माणसं कुठून आणायची

१५ ऑगस्ट २०२३ ला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं. आमच्या गावात मतदार सातशेच्या वर, म्हणजे शंभर माणसं हवीत. झेंड्याला तेवढी होतीही. मुलांना खाऊ वाटून झाला आणि अंगण रिकामं झालं. सभेला उरली तीसेक. सभा तहकूब.

मी घरोघरी गेले होते. शेजारच्या आबांनी मला पडवीत बसवून चहा दिला आणि म्हणाले, "अगो, तो हायवे व्हत नाय, नि आपला साकव कसा व्हनार?" मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या खड्ड्यांतून दर गणपतीला मुंबईहून येणाऱ्या माणसाला शासनावर विश्वास ठेव म्हणून सांगायला मला तरी तोंड नव्हतं. एक काकी म्हणाल्या, "सही कुठे करायची ती सांग, करते. पण बसायला मी येत नाय." पंचनाम्याला, कुठल्याशा निवेदनाला, मतं मागायला आलेल्यांच्या वहीवर, अशा सगळीकडे त्यांनी आजवर सह्या केल्या होत्या. त्या कागदांचं पुढे काय झालं हे त्यांना कोणीही, एकदाही, परत येऊन सांगितलं नव्हतं.

लोक उदासीन आहेत असं आपण फार लवकर म्हणतो. माझं मत इथे ठाम झालं. माणसं आळशी नव्हती, पण आपल्या सहीचं पुढे काहीच होत नाही हे ती अनुभवाने शिकली होती. म्हणून आम्ही तिघी-चौघींनी एक नेम धरला. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असतं. भजन संपलं की पाच मिनिटं साकवाची. त्या आठवड्यात कोणता कागद दिला, काय उत्तर आलं, ते वाचून दाखवायचं. उत्तर आलं नसेल तर आलं नाही असं सांगायचं. पहिले काही शनिवार प्रसाद घेऊन लोक निघून जायचे. पण हळूहळू थांबायला लागले, मग विचारायला लागले, आणि पुढच्या पावसाळ्यात तर एकदा मला ताप आला होता तर आबाच घरी आले, "ह्या आठवड्याचा काय?" म्हणून.

तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची अट नसते. ही गोष्ट अनेकांना माहीत नाही आणि फार कामाची आहे. पुढच्या तारखेला तेवढ्याच तीस माणसांत ठराव झाला. ठराव इतिवृत्तात लिहिला जातो आहे ना ते तिथेच बघा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं घालून घ्या, आणि ठरावाची नक्कल मागण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. आम्हाला नक्कल गणपती आटोपल्यावर मिळाली. आणखी एक: ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती पूर्वी रजिस्टरवर सह्या घेऊन उरकायचे. आम्ही ती खरोखर भरवायला लावली, आणि गावसभेत भिंतीला टेकून गप्प बसणाऱ्या बायका तिथे घडाघडा बोलल्या.

माहितीचा अधिकार

ठरावाच्या नकलेसह तालुक्याच्या बांधकाम उपविभागात अर्ज दिला. अर्जाची दुसरी प्रत न्यायची, तिच्यावर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. "ठेवा, मी बघतो" असं कोणी म्हणालं तर तिथून हलायचं नाही. शांतपणे "पोच द्या" म्हणायचं. पोच नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा.

दोन महिने उत्तर नाही. विचारायला गेलं की शाखा अभियंता साइटवर, उपअभियंता मिटिंगला. एकदा एका कारकुनाने हळूच सांगितलं, "ताई, त्या वाटेला नंबरच नाही. नंबर नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकता येत नाही." दोन वर्षांत कोणी न सांगितलेली गोष्ट त्या माणसाने उभ्याउभ्या सांगितली. मी त्याची अजून ऋणी आहे.

पण तोंडी सांगणं कागदावर यायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. आपल्या राज्यात जोडपत्र 'अ' या नमुन्यात अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखला जोडला की शुल्क नाही. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, "का" हा प्रश्न माहितीत बसत नाही असं उत्तर येतं. कागद मागा. मी मागितलं ते असं: २०२१ च्या पंचनाम्याची प्रत; साकवाचं अंदाजपत्रक तयार झालं असल्यास त्याची प्रत; या वाटेची रस्त्यांच्या नोंदवहीत नोंद आहे का, असल्यास तिचा क्रमांक; आणि माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली त्याची प्रत. या शेवटच्या मागणीत जोर आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा आणि विलंबाला प्रतिबंध करण्याचा २००५ चा जो कायदा आहे, ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्यात कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे. मी अर्जात त्याचा उल्लेख केला होता.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. मुदत संपल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करायचं असतं, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलाची सुनावणी फेब्रुवारी अखेरीला लागली. मला रात्रभर झोप नव्हती. सुनावणी म्हणजे कोर्टासारखं काही असेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात एका केबिनमध्ये अपिलीय अधिकारी, माहिती अधिकारी आणि मी, एवढंच. दहा मिनिटांत आदेश झाला आणि कागद विनाशुल्क मिळाले, कारण मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते. पहिल्या अपिलातही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. तिथे मात्र फार थांबावं लागतं, म्हणून पहिल्या अपिलाला प्रत्यक्ष हजर राहाच.

त्या कागदांत २०२१-२२ मध्येच केलेलं अंदाजपत्रक होतं. साडेअठरा लाखांचं. वर शेरा: रस्ता क्रमांक नसल्याने प्रस्ताव परत. परत कुठे गेला, कोणाकडे गेला, पुढे काही नाही. शनिवारी देवळात तो शेरा वाचून दाखवला तेव्हा पहिल्यांदा माणसं चिडली. इतकी वर्षं "निधी नाही" ऐकत होतो, आणि अडलं होतं एका आकड्यावर.

आचारसंहिता, पाऊस, पुन्हा आचारसंहिता

रस्त्याला क्रमांक मिळावा म्हणून लगेच निवेदन दिलं. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती जूनमध्ये उठेपर्यंत प्रत्येक टेबलावर एकच उत्तर. आचारसंहितेत नवीन काम मंजूर होत नाही, हे खरं. पण नोंदवही बघून टिपणी लिहायला आचारसंहिता आड येत नाही, हेही खरं. जूनमध्ये पाऊस आला. कॅलेंडरवर पुन्हा लाल फुल्या.

दाद मागायला लोकप्रतिनिधीही नव्हता. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका न झाल्याने तिथे प्रशासक बसले. आमचीही त्यातलीच. आमच्या गटाचा सदस्य कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शासन ऐकत नाही असं आपण म्हणतो तेव्हा हेही त्यात असतं: ऐकायला तिथे निवडून दिलेलं माणूसच नसतं.

पावसाळ्यातच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लोकशाही दिनात, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या ठरलेल्या दिवशी, अर्ज केला. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात विषय मांडलेला असावा लागतो आणि जिल्ह्याचा अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. "वाडीला साकव हवा" ही सार्वजनिक मागणी म्हणून परत येते. म्हणून एका आईने अर्ज केला, "माझा मुलगा अमुक अमुक तारखांना शाळेत जाऊ शकला नाही." सोबत कॅलेंडरची झेरॉक्स आणि शाळेच्या हजेरीची नक्कल. अर्ज दाखल झाला, सुनावणी झाली. उत्तर आलं, "निधी उपलब्ध होताच नियमोचित कार्यवाही करण्यात येईल." त्या आईने तो कागद चार वेळा वाचला आणि मला विचारलं, "म्हंजे हो की नाय?"

७ सप्टेंबर २०२४ ला गणपती होते. चाकरमानी आलेले असताना देवळाच्या सभामंडपात बैठक घेतली. विधानसभा तोंडावर होती, त्यामुळे पहिला प्रस्ताव आला मतदानावर बहिष्काराचा. बहिष्कार म्हटला की अधिकारी धावत येतात, हे खरं आहे. पण मी विरोध केला आणि आजही करेन. आपलं म्हणणं ऐकायला लावणारी एकच गोष्ट कायद्याने प्रत्येकाच्या हातात दिली आहे, तीच आपण रागाने फेकून द्यायची? दुसरा प्रस्ताव महामार्गावर रास्ता रोको. त्यावर मुंबईचे एक वयस्कर भाऊ बोलले ते सगळ्यांना पटलं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी पायी मुंबईला आले, तेव्हा दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्री चालले. हजारो माणसं, पायांना फोड, आणि तरी रात्री चालले. आपल्या मुलांच्या शाळेसाठी भांडताना दुसऱ्या कोणाची रुग्णवाहिका अडवून कसं चालेल? आमरण उपोषणही नको ठरलं. वाडीत मधुमेहाची गोळी घेणारी माणसं जास्त. जिल्हा परिषदेच्या दारात साखळी पद्धतीने शांतपणे धरणं धरायचं, लेखी मिळेपर्यंत, असं ठरलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नोव्हेंबर अखेरपर्यंत पुन्हा सगळं थांबलं.

धरणं

तारीख विचार करून काढली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयांसमोर इतके मंडप असतात की कोणाचं काय ते कळत नाही. ते दिवस टाळा. मार्च अखेरच्या आधी जिल्हा नियोजनाच्या निधीचं पुनर्विनियोजन होतं, म्हणजे न खर्चलेला पैसा दुसऱ्या कामांकडे वळवला जातो. त्याआधी आपली फाइल हलायला हवी. शिवाय बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत उठायचं होतं. म्हणून सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५.

तीन आठवडे आधी निवेदन दिलं: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रत जिल्हाधिकारी, प्रत पोलीस ठाणे. त्यात मागण्या दोनच. वाटेला रस्ता क्रमांक द्यावा. साकवाचा प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत मंजुरीला ठेवणार ते लेखी द्यावं. मागण्यांची यादी लांबवू नका. गावातून रेशनपासून मोबाइल टॉवरपर्यंत सगळं घालण्याचा आग्रह होता. पण मागण्या दहा झाल्या असत्या तर त्यांतली सगळ्यात सोपी एक मान्य करून आम्हाला उठवलं असतं.

पोलीस ठाण्याला वेगळा अर्ज लागतो: जागा, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश जिल्ह्यांत वरचेवर निघत असतात, तेव्हा तुमच्या तारखेला तो लागू आहे का ते आधी विचारा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. आम्ही ध्वनिक्षेपक लावलाच नाही.

धरण्याच्या चार दिवस आधी हवालदार घरी नोटीस घेऊन आला. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्यांच्या सत्तर वर्षांत दाराशी पोलीस कधी आला नव्हता. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची होती. जुन्या कायद्यात हेच १४९ होतं. कायदा व सुव्यवस्था बिघडली तर आपणास जबाबदार धरण्यात येईल, अशी प्रतिबंधात्मक सूचना. आंदोलन करणाऱ्या बहुतेकांना ती येते. ती मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही आणि धरणं नाकारलं असंही नाही. पूर्ण वाचा, तारीख घालून सही करा, आपली प्रत ठेवा. तरी त्या रात्री वाडीत कुजबुज झाली आणि दोन घरांनी येणार नाही असं कळवलं. आम्ही त्यांना काही बोललो नाही.

पोलीस भरतीची किंवा सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलांना निवेदनावर सही करू दिली नाही. उद्या चारित्र्य पडताळणीत काही अडकलं तर त्याची भरपाई कोण करणार? पहिल्या पाच सह्या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या आणि माझी. शाळेतल्या मुलांनाही नेलं नाही. मुलं समोर बसवली असती तर फोटो चांगले आले असते असं एक वार्ताहर म्हणाला. पण ज्या शाळेसाठी बसलो तीच बुडवून कसं चालेल?

एसटीचं भाडं जानेवारी अखेरीला नुकतंच वाढलं होतं, १४.९५ टक्क्यांनी. तरी बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, म्हणून पहिल्या दिवशी आमच्यात बायका आणि म्हाताऱ्याच जास्त होत्या. मंडपाचं भाडं दिवसाला दीड हजार. भाकऱ्या, चटणी, सुकट घरून. पाण्याचे दोन जार विकत. आणि कोणी लिहीत नाही पण लिहायलाच हवं ते: बायकांनी दिवसभर बसायचं तर शौचालय कुठे आहे ते आदल्या आठवड्यात बघून ठेवा. कार्यालयातलं मिळेल यावर विसंबू नका. आम्ही एसटी स्टँडवरचं बघून ठेवलं होतं आणि तिघी-तिघी जायच्या.

फाटकासमोरच्या आंब्याखाली बसलो. मंडपाच्या दोरीला २०२३ आणि २०२४ ची कॅलेंडरं टांगली, पावसाळ्याची पानं वर करून. कोणाच्या नावाने मुर्दाबाद नाही, घोषणा फक्त सकाळी कार्यालय उघडताना आणि संध्याकाळी बंद होताना. बाकी वेळ टाळ घेऊन भजन. पहिल्या दिवशी शेकडो माणसं समोरून गेली. विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच: "कुठल्या पक्षाचे?" कुठल्याच नाही म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नसे. मला सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते हे. अधिकारी आले नाहीत याची तयारी होती, पण आपल्यासारखीच माणसं, पिशवीत भाजी घेऊन, नजर न उचलता जात होती. दुपारी एक कॉलेजची मुलगी थांबली, कॅलेंडरवरच्या फुल्या मोजल्या, आणि संध्याकाळी मैत्रिणींना घेऊन परत आली. त्या तिघी अर्धा तास आमच्यात बसल्या. काही बोलल्या नाहीत. तेवढ्याने आमच्या काकींच्या अंगात बळ आलं.

दुसऱ्या दिवशी चहाला बाहेर पडलेला एक अभियंता मंडपाशी थबकला. ऑगस्टचं पान वाचत उभा राहिला. "हे रोज कोण लिहितं?" त्याने विचारलं. काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं. तासाभराने शिष्टमंडळाला बोलावणं आलं. चर्चा चांगली झाली, "काम होऊन जाईल, तुम्ही उठा" असं तोंडी आश्वासन मिळालं. आम्ही लेखी मागितलं. संध्याकाळी पत्र आलं: "निधीच्या उपलब्धतेनुसार नियमोचित कार्यवाही करण्यात येईल." तेच वाक्य. आबांनी ते मंडपात मोठ्याने वाचायला लावलं आणि सगळ्यांना विचारलं, उठायचं का? कोणी उठलं नाही. ज्या काकी सहीपुरत्याच येणार होत्या त्या म्हणाल्या, "मी रात्रीची गोळी आणलीय, मी ऱ्हाते." पोलिसांनी रात्री बसू नका असं सुचवलं, ते आम्ही मानलं, आणि सकाळी पुन्हा पहिल्या एसटीने आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरं पत्र मिळालं. त्यात रस्ता क्रमांकाचा प्रस्ताव २० फेब्रुवारीपर्यंत सादर करू, सुधारित अंदाजपत्रक करून साकवाचं काम चालू आर्थिक वर्षाच्या पुनर्विनियोजनात प्रस्तावित करू, आणि हे कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने करायचं ते नावानिशी नाही पण पदानिशी होतं. जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का तपासला. पत्र घेताना या चारही गोष्टी बघा. आंदोलन मागे घेतलं असं आम्ही लिहून दिलं नाही, स्थगित केलं असं लिहून दिलं. निघताना जागा झाडून काढली.

त्यानंतर

पुढचं लवकर सांगते, कारण ते बरंचसं सरळ झालं. क्रमांक मिळाला. मार्च अखेरीला प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा. एप्रिल संपता संपता कार्यारंभ आदेश निघाला. पायाचे खड्डे झाले आणि मे २०२५ मध्ये पाऊस इतका लवकर आला की पंचवीस तारखेच्या सुमाराला मोसमी पाऊसच कोकणात होता. काम थांबलं. तो पावसाळा पुन्हा तसाच गेला, कॅलेंडरवर फुल्या पडत राहिल्या, आणि वाडीत "बगा, सांगितला व्हता" म्हणणारी माणसंही निघाली. शनिवारचा नेम आम्ही मोडला नाही. नोव्हेंबरात काम पुन्हा सुरू झालं, डिसेंबरात स्लॅब पडला.

खर्च वीस हजारांच्या आत झाला. स्टॅम्प आणि झेरॉक्स हा त्यातला अगदी किरकोळ भाग. मंडप, प्रवास आणि पाणी यांत बाकीचा गेला. घरटी दोनशे रुपये वर्गणी, उरलेलं मुंबईच्या मंडळाने दिलं. हिशोब पावत्यांसह देवळाच्या भिंतीवर लावला होता. पैशाचा हिशोब लपला की पुढच्या वेळी कोणी येत नाही.

दोन गोष्टी बाकी आहेत. कामाचा खर्च आणि ठेकेदाराचं नाव लिहिलेला फलक अजून लागलेला नाही. तो मागितला आहे आणि झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रतीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे, पानाला दोन रुपये पडतील. आणि साकवाच्या दोन्ही टोकांचा जोडरस्ता कच्चाच आहे. पहिल्या पावसात तिथे चिखल होणार. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा म्हणून लेखी दिलं आहे. आयत्या वेळच्या विषयांत तो नको म्हणून आधीच दिलं, आणि पोच घेतली. या वेळी अर्जावर पहिली सही काकींची आहे, आणि सभेला येणाऱ्यांची यादी त्याच करताहेत.